फोकस्ड शॉकवेव्हच्या नावाखाली रेडियल मशीन गळ्यात मारलं: घेण्याआधी हे वाचा

मार्च २०२४ मध्ये मी माझ्या साताऱ्यातल्या फिजिओथेरपी क्लिनिकसाठी ‘फोकस्ड’ शॉकवेव्ह मशीन घेतलं, म्हणजे दुखण्यावर दाबाची लहर सोडून ती आत खोलवर एकवटणारं. किंमत ६,४०,००० रुपये, वर १२ टक्के जीएसटीचे ७६,८००. एकूण ७,१६,८००. ते मशीन फोकस्ड नाही, कधीच नव्हतं. आत साधं रेडियल आहे, ज्याचा जोर कातडीपाशीच जास्त. त्याच डीलरनं तेच मशीन, फक्त वेगळं स्टिकर लावून, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका फिजिओला २,१०,००० ला रेडियल म्हणून विकलंय. ते बिल मी स्वतः पाहिलंय. म्हणजे एका शब्दाचे माझ्याकडून चार लाख तीस हजार उकळले.

डेमो, हॉटेलातलं जेवण, ‘आज बुक केलंत तरच हा रेट’, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. एक लाख त्याच दिवशी यूपीआयनं, दीड लाख नंतर एनईएफटीनं आणि उरलेल्या ४,६६,८०० चं कर्ज. हप्ता १५,७३० रुपये, अजून चालू आहे.

आता तो क्षण, जो आठवला की आजही संताप होतो. पुण्यातल्या डेमोत सेल्समननं हँडपीस, म्हणजे मशीनचा अंगावर टेकवायचा भाग, माझ्या तळहातावर टेकवला. ‘बघा मॅडम, पॉवर बघा!’ स्टीलचं टोक टकटक करत हातावर आदळत होतं. तिथेच सगळं कळायला हवं होतं, कारण फोकस्ड मशीनमध्ये आदळणारं टोक नसतंच. त्यात लहर तयार होते ती ठिणगीनं, विद्युतचुंबकीय कॉइलनं किंवा पिझो क्रिस्टलनं. ती पाण्यातून आणि जेलमधून आत जाते आणि ठरलेल्या खोलीवर एकवटते. पुढच्या बाजूला पाण्यानं भरलेली मऊ रबरी उशी असते. कातडीवर फारसं काही जाणवत नाही, कळ आत उठते. रेडियलमध्ये नळीतली धातूची गोळी पुढच्या टोकावर आपटते, छिन्नीवर हातोडा मारावा तशी. सगळ्यात जास्त जोर कातडीपाशी, आत जावं तसा कमी, तीनचार सेंटिमीटरनंतर फारसं काही उरत नाही. भौतिकशास्त्राच्या व्याख्येत ती शॉकवेव्ह नाहीच, दाबाची लहर आहे. नाव मात्र बाजारात दोघांना एकच.

मी विचारलं नाही असं नाही. स्क्रीनवर ‘बार’ दिसत होते, म्हणजे हवेच्या दाबाचं माप, रेडियलवर असतं ते. मी म्हटलं, फोकस्डला बार कसे? तो म्हणाला, ‘मॅडम, आपल्याकडच्या युजर्सना सवय असते म्हणून ठेवलंय, मेन्यूत मिलीज्यूल पण आहे ना.’ बटण दाबलं आणि १८५ मिलीज्यूल दाखवले. फोकस्डची ताकद दर चौरस मिलिमीटरला किती मिलीज्यूल अशी मोजतात आणि तो आकडा दशांशात असतो: ०.१, ०.२५, ०.४. १८५ हा आकडा तिथे येऊच शकत नाही. ती गोळीला मिळणाऱ्या धक्क्याची एकूण ऊर्जा होती. बारचं चौरस मिलिमीटरच्या मिलीज्यूलमध्ये रूपांतर करणारं कोष्टक नसतं, कोणी दाखवलं तर तिथून उठा.

मी गाफील होते असं कोणी म्हणू नका. आम्हाला कॉलेजात रेडियल शिकवलं ते कॉम्प्रेसरवालं. बाजूला मोठा डबा, घरघर, हवेचा पाइप. या मशीनला कॉम्प्रेसर नव्हता. तो ठासून सांगत होता, ‘हवा नाही म्हणजे रेडियल नाही, सिंपल.’ हवेऐवजी कॉइलनं गोळी फेकणारी रेडियल मशीन सर्रास मिळतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या ओळखीतल्या, पंधरा-पंधरा वर्षं प्रॅक्टिस असलेल्या लोकांनाही नव्हतं. आणि सोबत ‘फोकस टिप’ म्हणून मध्ये खोलगट असलेलं एक टोक दिलं होतं. खोली बदलायची तर टोक बदला म्हणे. खोलगट टोकानं ठोके एका जागी बसतात इतकंच, खोल आत काही जात नाही.

वर ‘मुतखडा फोडायच्या मशीनचं तंत्रज्ञान’ हे पालुपद. अशा लहरींनी मुतखडा फोडलेला पहिला पेशंट म्युनिकमध्ये १९८० च्या फेब्रुवारीत झाला, आणि हाडांवर, स्नायुबंधांवर वापरायची फोकस्ड मशीन त्याच घराण्यातली, हे खरंय. गोळी आपटणारं मशीन त्या घराण्यातलं नाही. माहितीपत्रकात मात्र मूत्रपिंडाचं चित्र छापलेलं.

शंका यायला इतके महिने का लागले, हेही लिहिते, कारण लोक तेच विचारतात. माझे बहुतेक पेशंट टाचदुखीचे. एसटीचे कंडक्टर, पोलीस, दिवसभर उभ्या राहणाऱ्या शिक्षिका. त्यांना फरक पडत होता. पडणारच, टाचेला रेडियलही चालतं. अमेरिकेच्या एफडीएनं टाचेसाठी फोकस्ड यंत्राला २००० मध्ये आणि रेडियल यंत्राला २००७ मध्ये मंजुरी दिली आहे. माझी तक्रार रेडियलविरुद्ध नाही. टेनिस एल्बो, टाच, टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध, पाठीचे आखडलेले स्नायू यांसाठी चांगलं रेडियल घ्या आणि रेडियलच्या किमतीला घ्या. मला फोकस्ड हवं होतं ते खांद्यात साठलेल्या कॅल्शियमसाठी, खुब्याच्या खोल दुखण्यासाठी, आणि जवळच्या ऑर्थोपेडिक सर्जननं न जुळलेल्या फ्रॅक्चरचे पेशंट पाठवतो म्हटलं होतं त्यासाठी. तिथे काहीच हलेना. मी जेल बदललं, शॉट वाढवले, पेशंटला ‘अजून दोन सिटिंग बघू’ म्हणत राहिले.

नोव्हेंबरमध्ये हँडपीसची ताकद गेली. डीलर म्हणाला, वॉरंटी सहा महिने किंवा दहा लाख शॉट, जे आधी होईल ते. नवा हँडपीस १,३५,००० अधिक जीएसटी. एका सिटिंगला दोन हजार शॉट धरा, म्हणजे पाचशे सिटिंगमध्ये दहा लाख संपले. डेमोत ‘लाइफटाइम हँडपीस’ म्हणत होता. शेवटी ओळखीच्या एका बायोमेडिकल इंजिनिअरकडे नेला. त्यानं चार ॲलन स्क्रू काढले, टेबलावर कागद पसरला आणि हँडपीस उपडा केला. तांब्याची कॉइल, स्टीलची नळी, चेपलेली रबरी रिंग, आणि बोटाच्या पेराएवढी काळी पडलेली लोखंडी गोळी, एका टोकाला झिजून चपटी झालेली. नळी झटकली तसा कागदावर काळा चुरा पडला. तो म्हणाला, ‘ताई, यात फोकस करायला काही नाहीच. गोळी आणि रिंग बदलली की चालेल, साताठ हजारांत.’ १,३५,००० चा हँडपीस!

खांद्यात कॅल्शियम असलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांना मी ७,५०० रुपये परत केले. त्या नको नको म्हणत होत्या. क्लिनिकबाहेर ‘फोकस्ड शॉकवेव्ह’ असा बोर्ड माझाच होता, तो मीच काढला. गावात पेशंट विचारतात, मॅडम, मशीन बंद का? काय सांगायचं?

आता पुढचं. पोलीस ठाण्यात गेले तर पहिलं वाक्य, ‘मॅडम, मशीन मिळालं ना? चालतंय ना? मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला.’ तांब्याच्या भांड्याला पितळ लावून सोनं म्हणून विकलं तर तेही दिवाणीच का? मग कलमाचा घोळ. व्यवहार मार्च २०२४ चा, म्हणजे १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता लागू होण्याआधीचा, म्हणून जुन्या दंड संहितेचं ४२० लागतं. साहेब म्हणतात आता न्याय संहितेचं ३१८. दोन्ही कलमं फसवणुकीचीच आहेत, पण एवढ्यावरून माझा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. शेवटी साध्या कागदावर पोच, तीही मागून घेतली. औषध-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या कचेरीत सांगितलं, मशीन आयात केलेलं आहे, आमच्याकडे येत नाही, केंद्राकडे जा. केंद्राकडे ऑनलाइन तक्रार टाकली तर उत्तर, ‘संबंधित राज्य यंत्रणेकडे वर्ग.’ आणि तक्रार बंद! मी त्याच यंत्रणेच्या दारातून परत आलेले, आणि माझी तक्रार ‘निकाली’ दाखवली. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत, आयातीला परवाना लागतो, लेबलवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक लागतो. माझ्या मशीनवर यातलं काही नाही, फक्त युरोपातलं वाटावं असं नाव. त्या लेबलचा फोटो मी तिन्ही ठिकाणी दाखवला. एकानंही झूम करून पाहिला नाही. लायसन्सशिवाय औषधाच्या गोळ्यांचं एक पाकीट विकलं तर दुकान सील होतं, आणि रोज माणसांच्या अंगावर चालणारं यंत्र कुणाच्याच अखत्यारीत नाही?

ग्राहक आयोगात समोरच्या वकिलानं पहिलाच मुद्दा काढला की मशीन व्यापारी कारणासाठी घेतलं, मी ग्राहकच नाही. हे आधीच ओळखून ठेवा. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे. क्लिनिक एकटीचं आहे, मशीन मी स्वतः चालवते, हे पहिल्या अर्जातच लिहा, नंतर नाही. माझं बिल पुन्हा काढून बघितलं तर त्यावर ‘फोकस्ड’ हा शब्दच नाही, ‘फिजिओथेरपी इक्विपमेंट’ एवढंच. कोटेशनवर होता, माहितीपत्रकावर होता, व्हॉट्सॲपवर दहा वेळा होता. म्हणून चॅट डिलीट करू नका, माझा दावा आज त्या चॅटवर उभा आहे.

घेणाऱ्यांनो, बिलावर लिहून घ्या: फोकस्ड, लहर कशानं तयार होते, खोली किती, ऊर्जा दर चौरस मिलिमीटरला किती. लिहायला टाळाटाळ केली की तिथेच थांबा. आयात परवान्याची प्रत पैसे देण्याआधी मागा. हँडपीस तळहातावर धरा. आदळलं तर रेडियल, सेल्समन काहीही म्हणो. मॅन्युअल उघडून बघा. खऱ्या फोकस्डच्या मॅन्युअलमध्ये फुप्फुसाच्या भागावर, गरोदर बाईच्या पोटावर, लहान मुलांच्या वाढत्या हाडांच्या टोकांवर वापरू नका अशा इशाऱ्यांची पानं असतात. माझ्या मॅन्युअलमध्ये त्यातली एक ओळ नव्हती, उलट ‘सर्व वयोगटांसाठी सुरक्षित’ छापलंय. नवा हँडपीस केवढ्याला, गोळी-रिंगचा संच केवढ्याला, हे दर मशीनच्या कोटेशनवरच घ्या. आणि बुकिंगचा पैसा त्या दिवशी देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

ज्यांनी असं मशीन आधीच घेतलंय त्यांनी हँडपीस एखाद्या जाणकारासमोर उघडून घ्या, व्हिडिओ काढा, आतल्या गोळीचा मोजपट्टी ठेवून फोटो काढा. वॉरंटी जाईल असं डीलर बजावेल, जाऊ द्या. ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत असते, आणि ‘कंपनी बदलून देतो म्हणाली आहे’ या आश्वासनावर वाट बघत बसलात तर ती त्यातच संपेल. मलाही आठ महिने हेच सांगत होते.