बाही, माया आणि माझे गुडघे : स्लीव्हच्या ऑपरेशननंतरचे अकरा महिने

मी शिवणकाम करते, नाशिकच्या पंचवटीत छोटं दुकान आहे. त्यामुळे वजन कमी करायच्या ऑपरेशनचं नाव सांगताना डॉक्टर पहिल्यांदा ‘स्लीव्ह’ म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बाहीच आली. आणि गंमत म्हणजे ते फारसं चुकीचंही नव्हतं. पोटाची पिशवी उभी कापायची, पाऊण भाग किंवा थोडा जास्तच काढून टाकायचा आणि बाहीसारखी अरुंद नळी ठेवायची. टीप मारायचं काम स्टेपलर करतो. एकदा कापलं की परत जोडता येत नाही, हे मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

माझी मापं सांगते. वय 46, उंची पाच फूट दोन इंच, वजन 118 किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 48च्या जवळ. शुगरच्या दोन गोळ्या, बीपीची एक. पण मी गेले ती गुडघ्यांसाठी. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, ‘आधी वजन, मग बघू.’ एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो, हे तेव्हा कळलं. म्हणजे उलटा हिशोबही तसाच लागत होता.

मांडी घालून बसणं सुटून पाच वर्षं झाली होती. गौरीच्या जेवणाला सगळ्या बायका पाटावर आणि मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत, ताट मांडीवर. त्याहून वाईट दुकानात. घागऱ्याचा घेर बघायला जमिनीवर बसावंच लागतं, नाहीतर खालची कड एका बाजूला उतरते. मी बसायचे कशीबशी. उठताना आधी एका कुशीवर, मग दोन्ही हातांनी कटिंगचं टेबल धरून, आणि तोवर गिऱ्हाईक बिचारं भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभं. शेवटी शेवटी ते काम मदतनीस मुलीकडे दिलं.

‘जिभेला लगाम घातला असता तर पोट कापायची वेळ आली नसती,’ इति सासूबाई. लगाम घालून झाला होता हो. डाएटिशियन झाली, कृषीनगरच्या ट्रॅकवर पहाटेच्या फेऱ्या झाल्या, लिंबू-मध तर विचारूच नका. नऊ किलो गेले, चौदा परत आले.

विम्याचं थोडक्यात सांगते. कंपनीने आधी ‘सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया’ म्हणून कॅशलेस नाकारलं. आमच्या ह्यांनी पॉलिसी काढून कलम वाचलं. बीएमआय 40 किंवा जास्त असेल, किंवा किमान 35 असून सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), हृदयाचं दुखणं असं काही असेल, आणि आधीचे साधे उपाय फसलेले असतील, तर लठ्ठपणाचं कारण दाखवून दावा बाहेर ठेवता येत नाही. तीन पत्रं लिहिल्यावर पैसे आले, पण ऑपरेशन झाल्यावर. तोवर साडेतीन लाख आम्हीच उभे केले. तुमच्या पॉलिसीतला वेटिंग पिरियड, म्हणजे दावा करता येण्याआधी किती थांबावं लागतं ते, आधी बघा.

ऑपरेशनआधी दोन आठवडे जवळजवळ पातळ पदार्थांवरच ठेवलं. चरबीने सुजलेलं यकृत पोटावर आडवं येतं, ते आकसावं म्हणून. प्रत्यक्ष ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पाच छोटी भोकं, त्याच संध्याकाळी पायात गुठळ्या होऊ नयेत म्हणून व्हरांड्यात चालवलं, तिसऱ्या दिवशी घरी.

खरी परीक्षा घरी. औषधाच्या बाटलीवरचं 30 मिलीचं झाकण असतं ना, तेवढं गाळलेलं मुगाचं पाणी संपवायला पंधरा मिनिटं. दोन आठवडे पातळ, मग मिक्सरमधलं, मग मऊ. पहिली इडली महिन्याभराने खाल्ली, तीही पाव. तो तुकडा आठ घासांत, वीस मिनिटांत, घड्याळ समोर ठेवून. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही, हे मला सगळ्यात जड गेलं. आणि रोज 60 ग्रॅमच्या वर प्रोटीन. आधी पनीर, अंडं, डाळ, मग जागा उरली तर बाकीचं. बहुतेक वेळा उरतच नाही.

भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन बरंचसं त्या कापलेल्या भागातच तयार होतं. त्यामुळे भूक खरंच मेली. वासना नाही मेली! चौथ्या महिन्यात, मुलाची परीक्षा संपली म्हणून रविवारी सगळे गंगापूर रोडच्या बाजूला मिसळीला गेलो. नाशिकमध्ये राहून चार महिने मिसळ नाही म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. मी दोन चमचे मटकी घेतली, तिथवर ठीक होतं. मग रश्श्यात बुडवून पावाचा एक तुकडा घेतला. तो खाली जाऊन गोळा होऊन बसला. छाती दाटली, तोंडाला फेसाळ लाळ सुटली, आणि मी शेजारच्या द्राक्षबागेच्या कडेला अर्धा तास वाकून. रश्श्याने काही केलं नाही, घात पावाने केला. तो अजूनही मला चालत नाही, भाकरीचा पापुद्रा चालतो.

केसांचं मात्र कोणी नीट सांगितलं नव्हतं, त्याचा राग आहे. तिसऱ्या महिन्यापासून फणीत गुंताच्या गुंता. वजन झपाट्याने उतरलं की असं होतं आणि बहुतेकांचे परत येतात, हे मी रडत फोन केल्यावर कळलं. आता कपाळाजवळ बारीक बारीक उभे राहिलेत. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने गोळी होती, ती सुटली. शुगरची एकच उरली, बीपीची बंद. पण ॲसिडिटी नव्याने मागे लागली आहे, सकाळची गोळी चुकली की छातीत जळजळ. बी-12, लोह, कॅल्शियम, डी हे जन्मभराचं. पोटाची कातडी अस्तर सैल झाल्यासारखी लोंबते.

आज वजन 79. पाचव्या महिन्यात काटा तीन आठवडे एकाच जागी अडकला होता तेव्हा मी वजनकाटा पलंगाखाली सरकवला आणि टेप घेतला. कंबर त्या तीन आठवड्यांतही दीड इंच उतरली. पूर्वी स्वतःच्या ब्लाऊजला मी दोन-दोन इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, सोडायचे, वाढीव मापाला. आता तेच ब्लाऊज चार वेळा आत घेतले. आतली माया इतकी साठली की काखेत टोचते. नवीन शिवायला घेत नाही, अजून उतरेल म्हणून. चांभाराची वहाण आणि शिंपिणीचा ब्लाऊज!

डिसेंबरमध्ये पांडवलेणीला गेलो. आधी दोनदा गेले होते तेव्हा पायथ्याशी गाडीत बसून शेंगदाणे खात बाकीच्यांची वाट बघितली होती. या वेळी त्या दोनेकशे पायऱ्या तीन ठिकाणी थांबत चढले आणि तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत भिंतीला टेकले. सातवाहन राजा गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री, तिचा कोरीव लेख तिथेच आहे, मुलगा मोबाईलवर वाचून दाखवत होता, माझं लक्ष श्वास मोजण्यात. उतरताना उजवा गुडघा बोललाच. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, वजन उतरल्याने भरून येत नाही, फक्त पुढची झीज कमी होते. ज्यांना वाटतं गुडघा नवा होईल, त्यांनी हे आधीच मनात पक्कं करावं.

मागच्या आठवड्यात लग्नाचा घागरा आला होता, नऊ मीटर घेर. मदतनीस मुलगी सुट्टीवर. नवरीला स्टुलावर उभी केली, तोंडात टाचण्या धरल्या आणि खाली मांडी घालून बसले. सगळी कड फिरून झाल्यावर उठले. टेबल धरावं लागलं, पण एकाच हाताने. दुसऱ्या हातात टाचण्यांची डबी होती.