डीव्हीडीचे पैसे घेऊन हातात व्हीसीडी: सांगलीतला अनुभव

घरात मिनीडीव्हीच्या, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेटच्या, टेप पडून असतील आणि त्यांची डीव्हीडी करून घ्यायची असेल, तर त्या दुकानात देण्याआधी हे वाचा.

आमच्याकडे वहिनीच्या मंगळागौरीच्या तासाभराच्या तीन टेप होत्या. २००५ च्या पुरात गावभागात पाणी चढलं तेव्हा आईने दागिन्यांच्या डब्यासोबत त्याही माळ्यावर नेल्या, म्हणून वाचल्या. सांगलीतल्या एका व्हिडिओवाल्याने "फायरवायरने घेतो, एकदम ओरिजिनल क्वालिटी" असं सांगून टेपमागे चारशे रुपये आगाऊ घेतले. फायरवायर म्हणजे कॅमेऱ्यातलं डिजिटल चित्र जसंच्या तसं कॉम्प्युटरवर नेणारी वायर.

डीव्हीडी लावली तर चेहऱ्यांवर चौकोनी ठोकळे, नऊवारीचे काठ फिसकटलेले. फुगडी तर बघवेना, बायका गिरकी घ्यायच्या सोडून अडखळत पुढे सरकत होत्या. आई म्हणाली, "अरे, माझी नथ कुठं गेली?"

दुकानदाराचं उत्तर तयारच होतं. "काका, टेपला बुरशी आलीय, आम्ही काय करणार?" तीच टेप घरी आणून कॅमेरा थेट टीव्हीला जोडला. नथीतले मोती वेगवेगळे दिसत होते!

मग डिस्क कॉम्प्युटरवर उघडली. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'कोडेक इन्फॉर्मेशन', म्हणजे चित्र कुठल्या पद्धतीने साठवलंय ती माहिती, पाहिली, आणि सगळी लबाडी तिथेच लिहिलेली होती: ३५२ × २८८, एमपेग-१. म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या, कमी स्पष्ट चित्राच्या व्हीसीडीचा दर्जा. टेपवरचं चित्र ७२० × ५७६ चं असतं, सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं. चित्र एवढं लहान करताना त्यातली निम्मी फील्ड सहसा टाकूनच देतात, फुगडी अडखळत होती ती त्यामुळे. तीन तासांचं चित्रण एकाच डिस्कवर, तरी ४.७ जीबीतली निम्मी जागासुद्धा भरली नव्हती. जागा होती, तरी दिली नाही, याचाच जास्त संताप आला. काम लवकर उरकायचं, एवढंच.

हे दाखवल्यावर निम्मे पैसे परत मिळाले, तेही कुरकुर करत.

नंतर मिरजेच्या एका मित्राने जुन्या लॅपटॉपवर फायरवायरने टेप उतरवून दिल्या. तासाला साधारण १३ जीबी जागा लागली. त्यावरून एमपेग-२, म्हणजे डीव्हीडीवर चालणारं रूप, करताना त्याने दर सेकंदाला ८ मेगाबिट ठेवले आणि एका डिस्कवर एकच टेप घेतली. मूळ फाइली हार्ड डिस्कवर ठेवल्या आहेत. डीव्हीडी खराब झाली तरी पुन्हा करता येईल.

दुकानात गेलात तर कॅमेऱ्याला कुठली वायर लावतात ते समोर उभं राहून बघा. पिवळी पिन लावली तर चित्र ॲनालॉग होऊन जातं. फायरवायरचा बारीक चौकोनी पोर्ट, सोनीवर आय-लिंक लिहिलेला, तो हवा. आधी पाच मिनिटांचा नमुना मागा, तोही नाचाचा किंवा पळापळीचा. स्थिर चित्रात काही कळत नाही. टेपच्या मागची बारीक पट्टी 'सेव्ह'कडे सरकवून द्या, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. आणि डीव्हीडी घरी नीट बघितल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.