डॅन्यूबकाठच्या सायकल सहलीत आमचे लाखभर रुपये गेले

१,१४० युरो. आमच्या खात्यातून १,०८,६४० रुपये, वर बँकेचं कमिशन १,१८०. जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना या मार्गासाठी दोन भाड्याच्या सायकली, मुक्काम आणि रोज सामान पुढच्या गावी पोचवणं, याचं एका साइटवर केलेलं बुकिंग, त्याचे हे पैसे. पासाऊला पोचलो तर दिलेल्या पत्त्यावर केशकर्तनालय! सायकलींचं दुकान इथे कधीच नव्हतं म्हणे.

बनावट साइटचे प्रकार तुम्हाला माहीत आहेतच. पण आम्ही डोळे मिटून पैसे पाठवले नव्हते. मुक्कामांची यादी चोख होती: श्लोगेनचं वळण, लिंत्स, ग्राइन, मेल्क, वाखाऊ खोऱ्यातलं ड्यूर्नश्टाइन. अंतरं नकाशाशी जुळत होती. हिची उंची विचारून फ्रेमचं मापसुद्धा कळवलं होतं. कोणाला शंका येईल?

शंका यायची जागा एकच होती, ती आठवली की अजून जीव जळतो. कार्ड चालेना म्हणून त्यांनी खातं कळवलं. दुकान जर्मनीतलं, आणि आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, 'एलटी'ने सुरू, अर्थात लिथुआनियाचा. जर्मन खातं 'डीई'ने सुरू होतं. मी विचारलंही. 'युरोपात कुठलंही खातं चालतं,' असं उत्तर आलं. ते खोटंही नाही, तिथेच तर गोम आहे. वर सगळी रक्कम आधी भरली तर १० टक्के सूट! जर्मन सहलवाले एरवी साधारण २० टक्के आगाऊ घेतात, आणि कंपनी बुडाली तर पैसे परत मिळतील याचं विमा प्रमाणपत्र त्याआधी द्यावं लागतं. ते हाती आल्याशिवाय दमडी पाठवू नका.

बँकेत उत्तर काय, तर 'साहेब, फॉर्मवर सही तुमचीच आहे.' पैसे परत मागवणारा संदेश लगेच पाठवा म्हणून विनवण्या केल्या, मॅनेजर रजेवर. जर्मनीतले पोलीस म्हणाले, पैसे भारतातून गेले, तक्रार तिकडे करा. इकडे ठाण्यात, 'काका, गुन्हा जर्मनीत घडलाय.' जर्मन कागदाचं भाषांतर आणा, त्यावर शिक्का आणा, मग बघू. बघतंय कोण? आम्ही आयुष्यभर कर भरला तो यासाठी?

फसलो हे कळलं त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, शाखेच्या पायऱ्या नंतर झिजवा. जर्मन साइटवर मालकाचं नाव-पत्ता कायद्यानेच द्यावा लागतो. कंपनी असेल तर नोंदणी क्रमांकही. तो तपासा.

आम्हाला फसवलेल्या साइटवरचे तेच फोटो परवा दुसऱ्या नावाखाली दिसले, या वेळी ऱ्हाईनकाठच्या सहलीसाठी.