घरातली व्यायामाची सायकल : नऊ महिन्यांनंतर

कोल्हापूरच्या गुजरीत पंचवीस वर्षं मांडी घालून सोनारकाम केलं, की गुडघे हिशेब मागतातच. डॉक्टर म्हणाले, चाला. म्हणून सकाळी रंकाळ्यावर जायला लागलो. जूनमध्ये पाऊस लागला आणि ते बंद. आमच्याकडे पाऊस एकदा धरला की लवकर सोडत नाही. मग घरात सायकल आणायची ठरली.

दुकानात आधी एअर बाइकवर बसलो. हातही हलतात, मजा येते. पण पुढचं पंख्याचं चाक जोरात फिरलं की घों घों आवाज. पहाटे साडेपाचला हे घरात लावलं तर आईच आधी ओरडेल. स्पिन बाइकवर पुढं वाकायला लागतं. दिवसभर तेच करतो की! शिवाय दाखवली त्या गाडीत फेल्टचा पॅड चाकाला घासून लोड देत होता, म्हणजे पायडल जड करत होता. घासणारी वस्तू झिजणारच, हे आमच्या धंद्यात कुणी शिकवायला लागत नाही. टेकून बसायची रिकम्बंट पाठीला सगळ्यात बरी वाटली, पण ती ठेवली तर हॉलमध्ये दुसरं काही ठेवायला नको. शेवटी ताठ बसायची मॅग्नेटिक घेतली, साडेबारा हजारांना. यात लोहचुंबक चाकाच्या जवळ येतो, टेकत नाही. त्यामुळं आवाज जवळजवळ नाहीच, आणि लोड देणारं काही झिजतही नाही.

जोडायला माणूस पाठवतो म्हणाले. चार दिवस वाट बघितली आणि मीच पाना घेतला. डावं पायडल उजवीकडं फिरवून आवळत होतो. अडलं, तरी जोर लावला. कर्रर्र झालं. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, ते डावीकडं फिरवूनच आवळायचं. पायडलावर बारीक ‘L’ कोरलेला होता. रोज भिंग लावून काम करणारा मी, पण तो बघितला नाही. पायडल बसतं त्या दांड्याचे आटे गेले. नवा दांडा यायला बारा दिवस लागले, वर पैसे गेले ते वेगळेच.

पहिले दोन आठवडे गुडघ्याची वाटी जास्तच दुखली. गाडीच वाईट म्हणून परत करायच्या बेतात होतो. दोष सीटचा निघाला. पाय जमिनीला टेकावेत म्हणून मी सीट खाली ठेवली होती. पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवायची. पाय जेमतेम सरळ व्हायला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा थोडासाच वाकतो. सीट दोन भोकं वर घेतली आणि दुखणं हळूहळू गेलं.

पण इथंच या गाडीवर माझा खरा राग आहे. सीटच्या दांड्यावरची भोकं लांब लांब आहेत. मला एक खाली पडतं, एक किंचित वर. बायकोला तर मधलंच माप लागतं, ते नाहीच. दुकानात स्क्रीनवर काय काय दिसतं ते सगळे विचारतात. ही भोकं बघा, आणि सीट पुढं-मागं सरकते का तेही.

स्क्रीनची गोष्ट सांगतो. मी आणि बारा वर्षांची पोरगी, दोघांनी दहा-दहा मिनिटं एकाच वेगानं चालवली. माझं वजन ८२, तिचं ३६. कॅलरी दोघांना सारख्याच! लोड आठवर नेला तरी आकडा तोच. वेळ बघायला ठीक आहे, त्यावर रविवारची मिसळ हिशेबात धरू नका. मी चालवताना बोलता येतंय का तेवढंच बघतो. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की बास. आठवड्याला १५० मिनिटं सांगतात, ती मी पाच दिवस अर्धा-अर्धा तास करून भरतो.

सीट कडक आहे, महिनाभरात जेलचं कव्हर घालावं लागलं. खाली रबरी मॅट नसेल तर फरशीवर गाडी सरकते. घाम हँडलच्या बोल्टवर पडून पावसाळ्यात गंज आला. आता चालवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसतो.

मार्चपासून परत रंकाळ्याला जातोय, सायकल आठवड्यात तीन दिवसांवर आली. परवा खालच्या मजल्यावरच्या काकांनी अशीच गाडी आणली. पाना मागायला आले, तर पाना घेऊन मीच खाली गेलो.