उलट्या हाताने बोलिंग शिकायचंय? साधा पॉलिएस्टर बॉलच घ्या

उजवं मनगट दुखावल्यावर डाव्या हाताने टेनपिन बोलिंग शिकणाऱ्यासाठी पॉलिएस्टर बॉल रिॲक्टिव्हपेक्षा (जास्त वळणाऱ्या बॉलपेक्षा) सरस. लेनवर तो फारसा वळत नाही, त्यामुळे हात वाकडा सुटला की लगेच कळतं. वजन नेहमीपेक्षा 2 ते 4 पौंड कमी ठेवा.

खरी मेख बॉलच्या भोकांत आहे. उजव्या हाताचं माप उलटवून ड्रिल करून घेऊ नका, डाव्याचा स्पॅन (अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांमधलं अंतर) वेगळा मोजायला लावा. अंगठ्याचं भोक घट्ट असेल तर अंगठा अडकतो आणि बॉल उशिरा सुटून लेनवर आदळतो. सैल असेल तर नकळत मूठ आवळली जाते, स्विंग मोडतो. बोटं दुसऱ्या पेरापर्यंत जाणारी कन्व्हेन्शनल ग्रिप सुरुवातीला बरी.

बूट मात्र हमखास विसरले जातात! उजव्या हाताच्या खास बुटांत घसरता तळ डाव्या पायाला असतो. आता शेवटच्या पावलाला घसरायचंय उजव्यावर. तो अडकला की गुडघ्याला झटका. दोन्ही तळ घसरते असलेले भाड्याचे बूट चालतील.

चार पावलांची सुरुवात डाव्या पायाने, नजर लेनवर काढलेल्या बाणांपैकी डावीकडून दुसऱ्यावर, पॉकेट (बॉल जिथे आदळायला हवा ती जागा) 1 आणि 2 क्रमांकाच्या पिनांमधला. मोठा हुक (पिनांकडे जाताना बॉलने घेतलेलं वळण) हवा असेल तर हा बॉल निरुपयोगी. स्पेअरला (उरलेल्या पिना दुसऱ्या फेकीत पाडायला) मात्र पुढेही उपयोगी पडतो.