शब्दार्थांच्या स्मृतीवरील ऑनलाइन अभ्यासक्रम : एक परीक्षण
प्रौढ वयात मेंदू शब्दांचे अर्थ कसे जपतो, हे उलगडणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्व्हिंग यांनी १९७२ मध्ये मांडलेला प्रसंगस्मृती (स्वतः अनुभवलेल्या घटनांची आठवण) आणि अर्थस्मृती (शब्द व वस्तूंच्या अर्थांचे ज्ञान) यांतील भेद पहिल्याच पाठात नेमका समजावला आहे: ‘कात्री’ म्हणजे काय हे आपण जाणतो, पण तो शब्द प्रथम केव्हा ऐकला हे आठवत नाही.

सर्वांत सरस पाठ तिसरा. कात्रीचा आकार, तिचा आवाज आणि ती चालवणाऱ्या बोटांची हालचाल ही माहिती मेंदूच्या निरनिराळ्या भागांत विखुरलेली असते व टेम्पोरल लोबचा (कानांजवळच्या मेंदूच्या भागाचा) पुढचा भाग ती एकत्र गुंफतो, असे अनेक संशोधक मानतात. तो भाग झिजत गेला की अर्थस्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला कालची घटना आठवते, मात्र ओळखीच्या वस्तूचा अर्थच हरवतो. हे ऐकताना मी खरोखर हेलावून गेलो.

वार्धक्यावरील पाठ मात्र फार त्रोटक आहे. शब्दसंग्रह साठीपर्यंत आणि बहुधा त्यापुढेही टिकतो किंवा वाढतो, मंदावते ती शब्द ओठांवर आणण्याची क्रिया, हा दिलासादायक मुद्दा (माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा) दोन वाक्यांत आटोपला आहे. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. सरावप्रश्न पाठांतरापलीकडे जात नाहीत.