फोनचा हॉटस्पॉट की वेगळी वायफाय डबी?

प्रवासात लॅपटॉपला नेट कुठून द्यायचं, हा प्रश्न मला वर्षातून निदान पाच-सहा जण विचारतात. विचारणाऱ्याच्या हातात चांगला फोन असतो, त्यात हॉटस्पॉट असतोच, आणि वेगळं काही घ्यायची गरज नाही एवढंच त्याला माझ्या तोंडून ऐकायचं असतं. बहुतेकांना मी तसंच सांगतो. पण माझ्या स्वतःच्या बॅगेत गेली चार वर्षं सिमकार्ड घालायची एक वायफाय डबी आहे. ती कोणाच्या नजरेस पडली की पुढचा प्रश्न ठरलेला: मग तू का बाळगतोस?

आधी फोनची बाजू मांडतो, कारण ती वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. २००९ साली ‘मायफाय’ या नावाने असल्या डब्या बाजारात आल्या, तेव्हा फोनमधून वायफाय वाटणं ही हौशी मंडळींची उचापत होती. २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ ने हॉटस्पॉट थेट सेटिंगमध्ये आणून ठेवला, पुढच्या वर्षी आयफोनमध्येही तो आला, आणि तेव्हापासून डब्यांचे दिवस भरल्याचं कोणी ना कोणी सांगतच असतं. निव्वळ नेटवर्क पकडण्याचा विचार केला तर ते खोटंही नाही. स्वस्तातल्या पुष्कळ डब्यांत अजून एलटीई म्हणजे ४जीच्या कॅटेगरी ४ या वेगाच्या श्रेणीतलं मोडेम असतं. कागदावर त्याची कमाल १५० एमबीपीएस. पण दुखणं त्या आकड्यात नाही, ते एका वेळी एकच बँड, म्हणजे मोबाइल लहरींचा एकच पट्टा, धरतं यात आहे. मध्यम प्रतीचा फोनसुद्धा आज दोन-तीन बँड एकत्र बांधून घेतो. टॉवरचा एक बँड गच्च भरलेला असला तरी तो दुसऱ्यातून वाट काढतो. गर्दीच्या स्टेशनावर मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलेत. फोनवर पान उघडून वाचून होतं, डबी अजून गोल गोल फिरत असते.

वेग मोजायची ॲपं मी केव्हाच काढून टाकली. माझी मोजपट्टी साधी आहे: सकाळी उठल्यावर आदल्या दिवसाच्या फोटोंचं फोल्डर क्लाउडवर चढलेलं असतं की नाही. आणि या मोजपट्टीवर, माझ्या अनुभवात तरी, हळू चालणारी डबी जिंकते.

कारण फोनचा हॉटस्पॉट झोपतो.

कोणी जोडलेलं नसलं की थोड्या वेळाने तो स्वतःला बंद करतो. बॅटरी वाचावी हा हेतू, त्याबद्दल तक्रार नाही. अँड्रॉइडमध्ये ‘कोणी जोडलेलं नसल्यास आपोआप बंद करा’ अशा अर्थाची सेटिंग असते आणि ती बहुधा चालू अवस्थेतच येते. आयफोनवर जोडणी होईपर्यंत हॉटस्पॉटचीच स्क्रीन उघडी ठेवा, असं ॲपलच्या सूचनांमध्येच लिहिलेलं आहे. वाचताना हे सगळं किरकोळ वाटतं. प्रवासात ते असं घडतं. गाडी घाटात शिरते, रेंज जाते, मी लॅपटॉप मिटून खिडकीबाहेर बघत बसतो. वीस मिनिटांनी उघडतो तर यादीत शेजारपाजारच्या चार प्रवाशांचे हॉटस्पॉट, आणि माझाच नाही. फोन बॅगेच्या तळाशी, पॉवर बँकेला लावलेला. तो उपसून काढा, केबल सांभाळा, अनलॉक करा, सेटिंगमध्ये जा, हॉटस्पॉट बंद करून परत चालू करा, लॅपटॉपची यादी ताजी व्हायची वाट बघा. अर्ध्या-पाऊण मिनिटाचं काम, पण दिवसातून दहा-बारा वेळा. ते आपोआप बंद होणं मी सेटिंगमधून थांबवूनही पाहिलं. तेव्हा माझ्या फोनच्या बॅटरी-बचतीचा कुठला तरी दुसराच विभाग जागा झाला आणि त्याने ते काम अंगावर घेतलं.

एवढ्यावरही मी निभावून नेलं असतं. माणूस समोर असला की निदान फोन उपसून काढतो. खरी गोची माणूस झोपल्यावर होते. रात्री मी कॅमेऱ्यातले फोटो टॅबलेटवर उतरवतो आणि आडवा होतो. रात्रभरात टॅबलेटने ते वर चढवावेत एवढीच अपेक्षा. टॅबलेट मध्येच डुलकी घेतो आणि वायफाय सोडतो. फोनला वाटतं सगळे गेले, तो दुकान बंद करतो. अर्ध्या तासाने टॅबलेट जागा होतो तेव्हा दाराला कुलूप. दोघेही आपापल्या जागी शहाणे, आणि सकाळी दोनशेहून जास्त फोटोंपैकी तीस-एक गेलेले. एका प्रवासात हे सलग तीन रात्री झालं. परत आल्यावर पहिलं काम केलं ते डबी घेण्याचं.

डबीतही अशी झोपायची सेटिंग असते, हे लपवत नाही. निदान माझ्या दोन्ही डब्यांत होती. फरक इतकाच की ‘कधीच झोपू नकोस’ असं तिला एकदा सांगितलं की ती ऐकते. तिला दुसरं कामच नाही.

दुसरं कारण थोडं घरगुती आहे. हॉटस्पॉट फोनमध्ये आणि फोन माझ्या खिशात, म्हणजे नेट माझ्याबरोबर चालतं. मी पाणी आणायला खाली उतरलो की मागे राहिलेल्यांचं नेट खाली उतरतं. बायकोची मीटिंग चालू असेल तर मी जागचा हलायचं नाही, असा आमच्याकडे काही दिवस नियमच होता. त्यात माझ्या फोनमध्ये दोन सिमं, नेट एकाचं आणि कॉल दुसऱ्यावर. अशा फोनमध्ये एका सिमवर बोलणं चालू असताना दुसऱ्याचा डेटा थांबू शकतो. काही फोनांत कॉलपुरता डेटा बोलत्या सिमवर वळवायची सोय असते, पण ज्या सिमवर डेटाच फारसा शिल्लक नाही त्यावर तो वळवून साधणार काय? माझा फोन वाजला की तिची स्क्रीन गोठायची. हा त्रास एकट्या प्रवाशाला नाही, म्हणून निकालात मी तो अर्धाच धरतो.

डबीचा मला सगळ्यात आवडणारा गुण कुठल्या खोक्यावर छापलेला नसतो: ती कुठेही ठेवता येते. रेल्वेचा डबा म्हणजे पत्र्याची पेटी. काही वातानुकूलित गाड्यांच्या काचांवर ऊन अडवायला धातूचा पातळ थर असतो, तो रेडिओ लहरींनाही अडवतो. अशा ठिकाणी वीतभर जागा बदलली तरी रेंजमध्ये फरक पडतो. डब्यातली डबी खिडकीच्या कडेला जाळीच्या खिशात अडकवायची आणि आपण वरच्या बर्थवर आरामात. खोलीत मुक्काम असेल तर तिला खिडकीत बसवायचं, सॉकेट जवळ असेल तर तिथेच चार्जिंगला. फोन खिडकीत ठेवून मी झोपू शकत नाही. अलार्म त्यातच, सकाळची तिकिटं त्यातच, आणि सांगायला लाज वाटते पण झोपण्यापूर्वीची अर्ध्या तासाची उनाडकीही त्यातच.

तापण्याबद्दल फार लिहीत नाही. हॉटस्पॉट चालू, चार्जिंग चालू आणि वरून ऊन, असं झालं की फोन चार्जिंगचा वेग कमी करतो किंवा थांबवतोच. ज्याने फोनवर नकाशा लावून लांबची गाडी चालवली आहे त्याला हे नव्याने सांगायला नको.

आता डबीची गाऱ्हाणी. पहिलं म्हणजे तिच्यामागे असलेलं नेट मोजूनमापून वापरायचं आहे, हे उपकरणांना कळत नाही. अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट समोरच्या अँड्रॉइड उपकरणाला हळूच खूण करतो की इथे डेटा मर्यादित आहे, जपून. डबी असं काही सांगत नाही. तिच्याकडून येणारं वायफाय लॅपटॉपला घरच्यासारखंच वाटतं. मी तर त्यावर कडी केली होती. डबीला घरच्या वायफायचंच नाव आणि तोच पासवर्ड दिला, म्हणजे सगळी उपकरणं न विचारता जोडली जातील. जोडली गेली. आणि घरी आल्याच्या आनंदात लॅपटॉपने तुंबलेले सगळे अपडेट उतरवून घेतले. दुपारपर्यंत दिवसाचा डेटा संपला. तेव्हापासून डबीचं नाव वेगळं, आणि लॅपटॉपमध्ये त्या नावापुढे ‘मीटर्ड’ची, म्हणजे डेटा मोजका असल्याची, खूण.

दुसरं गाऱ्हाणं बॅटरीचं. माझी पहिली डबी महिनोन्महिने चार्जरला लावलेली असायची. एक दिवस तिचं मागचं झाकण आपोआप उचललेलं दिसलं. बॅटरी फुगली होती. दोष माझा, लिथियमची बॅटरी कायम काठोकाठ भरून गरम जागी ठेवू नये. बॅटरी काढता येत होती म्हणून डबी वाचली. म्हणूनच बॅटरी आतच चिकटवलेली डबी मी कोणाला सुचवत नाही. सुटी जादा बॅटरी विमानात केबिनच्या बॅगेतच न्यायची, चेक-इनच्या नाही. ३००० एमएएचची बॅटरी जेमतेम ११ वॉट-अवर भरते, १०० च्या मर्यादेच्या कितीतरी आत, त्यामुळे परवानगीचा प्रश्न येत नाही.

तिसरं, आणि हे पुढे वाढतच जाईल, ई-सिमचं. परक्या देशात उतरायच्या आधीच फोनमध्ये ई-सिम घालून ठेवता येतं, ही सोय एकदा अंगवळणी पडली की सुटत नाही. बहुतेक साध्या डब्यांना मात्र अजून प्लास्टिकचं कार्डच लागतं. जुन्या डब्यांचा खाचा मायक्रो आकाराचा, आपलं कार्ड नॅनो, मध्ये तो अडॅप्टर, आणि अडॅप्टर आत अडकला की पिनांना मुकायची वेळ. त्यातून सीमा ओलांडली की बँडचा घोळ. एका भागासाठी बनवलेल्या डबीत दुसरीकडचे लांब पोचणारे ७००-८०० मेगाहर्ट्झचे बँड नसू शकतात. शहरात हे जाणवत नाही, शहर मागे पडलं की लगेच जाणवतं. देशोदेशी फिरणाऱ्याने, विशेषतः एका जागी दोन-तीन दिवसांवर न थांबणाऱ्याने, फोनवरच राहावं असं मला वाटतं. इथे डबीची वकिली करण्यात अर्थ नाही.

प्लॅनचंही बघून घ्यावं. काही प्लॅनमध्ये हॉटस्पॉटवर वेगळी मर्यादा असते. कंपनीला हे कळतं कसं, याची एक गमतीची वाट म्हणजे टीटीएल: डेटाच्या प्रत्येक पॅकेटवरचा, वाटेतल्या दर टप्प्याला एकने कमी होणारा आकडा. फोनमधून निघणाऱ्या पॅकेटवर हा आकडा सहसा ६४ असतो. लॅपटॉपचं पॅकेट फोनमधून पुढे जाताना त्यातला एक कमी होतो आणि बाहेर ६३ पडतो, विंडोजचा असेल तर १२७. उलट काही सिमं फोनपुरतीच दिलेली असतात आणि डबीत घातली की चालत नाहीत. म्हणून डबी घेण्याआधी आपलं कार्ड मित्राच्या डबीत घालून बघणं उत्तम.

एक मधला मार्गही आहे, आणि तो आधी न सांगणं अन्यायाचं होईल: केबल. एकटा माणूस, एकच लॅपटॉप, तर फोन यूएसबीने जोडा आणि टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला द्यायची सोय, लावा. हॉटस्पॉट झोपायचा प्रश्नच मिटतो, वर फोन चार्जही होतो. काही लॅपटॉप काही फोनांचं टेदरिंग ओळखत नाहीत, तेवढं घरूनच तपासून निघा. ज्याच्याकडे हे नीट चालतं त्याने डबीचे पैसे वाचवावेत. मीसुद्धा वाचवले असते, पण टॅबलेट केबलला बांधून ठेवणं मला काही जमलं नाही.

घ्यायचीच ठरली तर माझ्या मते निम्मी किंमत देऊन कॅटेगरी ४ ची घेण्यापेक्षा दोन बँड एकत्र करणारी, कॅटेगरी ६ किंवा वरची घ्यावी. बॅटरी काढता येणारी, कुठल्याही कंपनीला न बांधलेली, आणि चार्जिंगला टाइप-सी असलेली. माझ्या डबीला मायक्रो यूएसबी लागते आणि बॅगेतली ती एकमेव केबल मी दोनदा मुक्कामाच्या खोलीत विसरून आलोय. दोन्ही वेळा उरलेला प्रवास फोनच्या हॉटस्पॉटवर काढला, आणि दुसऱ्या वेळी तर रात्री अडीचला उठून तो जागा आहे का ते बघत होतो.